सुतकातलं मत

कटहरपुरच्या पुलियावर एका सकाळी मी माझ्याशीच तीन तोंडांनी भांडत होतो. म्हणजे मी स्वतः बाजूच्या टपरीवर मातीच्या कुल्हडमधून चहा पीत बसलो होतो, भांडत होता तो माझा रेकॉर्ड केलेला आवाज. एका ई-रिक्षातून मी गावाला सांगत होतो की प्रधानपदासाठी, म्हणजे महाराष्ट्रातल्या सरपंचपदासाठी, शिवमूरत सिंहांइतका कष्टाळू, झुंजार आणि ईमानदार माणूस शोधूनही सापडणार नाही. समोरून येणाऱ्या दुसऱ्या रिक्षातून मीच म्हणत होतो की हरिहर मास्टर असताना शोधायचंच कशाला. आणि दोघांच्या मागे अडकलेल्या तिसऱ्या रिक्षातून मी सुदामा टेंटवाल्यांच्या निवडणूक चिन्हावर मोहर लावायची, म्हणजे शिक्का मारायची, कळकळीची विनंती करत होतो.

पुलिया म्हणजे छोटासा पूल, एवढा अरुंद की एक रिक्षा मागे घेतल्याशिवाय दुसरी जाऊ शकत नव्हती. आणि निवडणुकीत मागे कोण जाणार? तिघे चालक आपापल्या जागी हाताची घडी घालून बसले. हळूहळू माणसं जमली. एक म्हातारा बराच वेळ कान देऊन ऐकत राहिला आणि मग शेजाऱ्याला म्हणाला, "तिघांनी भाऊ-भाऊ पकडून आणलेत वाटतं. आवाज अगदी मिळतो."

मी खाली मान घालून चहा संपवला.

तर हा माझा धंदा. आडनाव ओगले. काशीत भोसले घाटाच्या मागच्या गल्लीत आमचं घर, तिथे आमच्या पिढ्या गेल्या. वडील घाटावर मराठी यात्रेकरूंची श्राद्ध-तर्पणं करत. त्यांचा आवाज असा, की मंत्र म्हणायला लागले की नावेतली माणसं माना वळवून बघत. आवाज तेवढा माझ्याकडे आला, भिक्षुकी आली नाही. मी लाउडस्पीकर भाड्याने द्यायचं दुकान काढलं. लग्नं, अखंड रामायण, कुस्तीच्या दंगली, जत्रेत हरवलेली पोरं, सगळ्यांसाठी मी बोललो. पण खरा हंगाम पंचायतीच्या निवडणुकीचा. हरिहर मास्टर सोडले तर गावकऱ्यांना ओगले म्हणता येत नाही, ते मला 'उगलेजी' म्हणतात. हिंदीत उगलणं म्हणजे तोंडातून बाहेर टाकणं. माझ्या कामाचं वर्णन म्हणून ते चूक नाही.

हे काम बाहेरून सोपं दिसतं. त्यात खुबी अशी की उमेदवाराचं नाव सारखं यायला हवं, पण विरोधकाचं एकदाही नाही. वाक्य छोटं हवं, कारण रिक्षा पुढे सरकते आणि ऐकणारा दारातच उभा असतो. लांब वाक्याचा कर्ता एका घराला ऐकू येतो आणि क्रियापद तिसऱ्या घराला. भोंग्याचं तोंड वाऱ्याच्या दिशेने हवं. पारावर, हँडपंपाजवळ गाडी थांबवायची. मशीद, देऊळ, शाळा आणि आजारी माणसाचं घर आलं की आवाज खाली घ्यायचा. हे शेवटचं कुणी शिकवत नाही, पण ते चुकलं की मतं जातात.

आणि चिन्हांची गंमत. पंचायतीच्या निवडणुकीत पक्षांची चिन्हं नसतात. सरकारी यादीतलं जे वाट्याला येईल ते घ्यायचं. त्या वर्षी हरिहर मास्टरांना कार मिळाली, ज्यांनी आयुष्यात सायकलपलीकडे काही चालवलं नव्हतं. शाळेच्या मागच्या भिंतीवरून उडी मारून जो पळाला तो परत गेलाच नाही, त्या सुदामाला किताब, म्हणजे पुस्तक मिळालं. आणि शिवमूरत सिंहांना इमली, म्हणजे चिंच. मावळते प्रधान, भरघोस मिशा, वीटभट्टीचे मालक, आणि दारोदार 'इमली पर मोहर लगाएँ'. ते मला म्हणाले, "उगलेजी, जरा अशा सुरात म्हणा की ती आंबट वाटू नये."

एक जुनी गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. दुसऱ्या एका गावात जागा बाईसाठी राखीव होती. नवऱ्याने बायकोला उभं केलं, पोस्टरवर स्वतःचा फोटो मोठा आणि तिचा तिकिटाएवढा. मी दिवसभर 'फुलमती देवी, फुलमती देवी' करत फिरत होतो. त्यांच्याच घरासमोर रिक्षा थांबली तेव्हा एक बाई शेणाने भरलेले हात घेऊन बाहेर आली आणि मला विचारलं, "ही फुलमती कोण हो?" आतून सून हसत म्हणाली, "अम्मा, तुम्हीच." लग्न झाल्यापासून ती सगळ्यांची 'मुन्नाची माई' होती. आपलं नाव एवढ्या मोठ्याने तिने कधी ऐकलंच नव्हतं. ती तिथेच पदराआड उभी राहिली आणि म्हणाली, "परत एकदा म्हणा." मी तिच्यासाठी गाडी जागेवर ठेवून बराच वेळ तेवढं एकच नाव घेत राहिलो.

असो. मला सांगायचं आहे ते कटहरपुरचं. हे गावाचं खरं नाव नाही, आणि माणसांची नावंही मी बदलली आहेत. वरुणा नदीच्या पलीकडे, शहरापासून फार दूर नसलेलं गाव. कुणाची जात काय तेही लिहीत नाही. ती लिहिली की लोक बाकीचं वाचायचं सोडून तेवढंच वाचतात. शहरातले लोक मला विचारतात, गावात मत जातीवरच जातं ना? जातं. पण जात एकच असलेल्या दोन चुलतभावांत एकाच्या दारातून दुसऱ्याच्या मोरीचं पाणी वाहत असतं. एकाच्या मुलीच्या लग्नात कुणी गादी-उशा पाठवल्या, कुणाच्या नातवाला शाळेत घेतलं नाही, कुणी हँडपंप आपल्या दाराकडे ओढला, हे सगळं त्या मोहरेच्या शाईत मिसळलेलं असतं. मोठ्या निवडणुकीला हेच गाव एका सुरात एकीकडे जातं आणि प्रधानकीला सख्खे भाऊ बोलेनासे होतात.

हे कळायला मला पत्रकाराची गरज पडत नसे. रिक्षा गल्लीत शिरली की घरं आपणच सांगतात. बाजेवरचा माणूस उठून बसला तर तो आपला. पडून राहिला तर विरोधातला. उठून, पाणी आणून, 'बसा, उन्हातून आलात' म्हणाला तर तो नक्की विरोधातला, कारण त्याला आपल्याशी वाकडं दिसायचं नसतं.

कटहरपुरात हा हिशोब फक्त एका ठिकाणी चालत नसे. दक्खिन टोला, म्हणजे दक्षिणेकडची वस्ती. एकाच मूळपुरुषाची ती सगळी घरं, एकमेकांना चिकटून. तिथे कुठलीही रिक्षा गेली की सगळे उठून बसत आणि सगळे पाणी आणत. त्या टोल्याचे कर्ते होते बिपत काका. दम्याचे जुने रोगी, फणसाच्या झाडाखाली बाजेवर बसलेले, बोलताना मध्ये थांबून श्वास गोळा करणारे. त्यांचं एकच वाक्य सगळ्या गावाला पाठ होतं: "दक्खिन टोला एकाच जागी देतो." ती जागा कुठली, हे ते सांगत नसत. गावाची मतं अशी विभागलेली की हा टोला ज्याच्याकडे तो प्रधान, हे प्रत्येक उमेदवाराने गृहीत धरलेलं. त्यामुळे तिघेही रोज एकदा फणसाखाली हजेरी लावत. काका तिघांनाही खाटेवर बसवत, तिघांच्याही पाठीवर हात ठेवत.

आणि प्रचार संपायच्या जरा आधी, एका सकाळी बिपत काका गेले.

बातमी कळताच मी तिन्ही रिक्षा बंद करायला लावल्या. मी पोहोचलो तेव्हा फणसाखाली तिरडी बांधून तयार होती आणि तिघे उमेदवार उघड्या डोक्यांनी उभे होते. शिवमूरत सिंह पुढचा एक खांदा धरून उभे राहिले. लगेच मास्टरांनी दुसरा धरला. सुदामा मागे गेला आणि त्याने तिसरा पकडला. राहिला चौथा. काकांचा मुलगा मुन्नर दाग, म्हणजे अग्नी, देणार होता, तो पुढे चालणार. टोल्यातली पोरं चौथ्या खांद्यासाठी सरकली, तेवढ्यात तिन्ही उमेदवारांचे कार्यकर्तेही सरकले. कुजबुज सुरू झाली. प्रधानजींचा माणूस घेतला तर चारातले दोन खांदे त्यांचे. मास्टरांचा घेतला तर त्यांचे. टोल्यातला कुणी आला तर तो कुणाच्या जोडीला आहे, हे गाव संध्याकाळपर्यंत चघळणार.

मुन्नरने डोळे पुसत सगळीकडे बघितलं आणि मला म्हणाला, "पंडितजी, तुम्हीच या. तुम्ही तर तिघांचे आहात."

अशी माझी नेमणूक झाली. शिवमूरत सिंह उंच, सुदामा बुटका. तिरडी माझ्या आणि सुदामाच्या बाजूला कलली होती आणि सगळं वजन आमच्यावर. 'राम नाम सत्य है' कुणी म्हणायचं यावर कुणाचंच ठरेना, कारण जो म्हणेल त्याच्या मागे बाकीच्यांना म्हणावं लागणार. शेवटी तेही माझ्याकडे आलं. मी पहिल्यांदा म्हटलं आणि माझ्याच लक्षात आलं की सूर प्रचाराचा लागलाय. शेवटच्या अक्षरावर आवाज वर गेला, जसा चिन्हाच्या नावावर जातो. मास्टर हळूच म्हणाले, "ओगलेजी, खाली, जरा खाली." पुढच्या वेळी मी वडिलांचा सूर लावला.

शहरात मैदागिन चौकापर्यंत ट्रॅक्टरची ट्रॉली, पुढे गल्ल्यांतून खांद्यावर. मणिकर्णिका घाटावर नेहमीसारखी गर्दी होती. लाकडं रचून होईपर्यंत थांबावं लागलं. आम्ही पायऱ्यांवर बसलो, तिन्ही उमेदवार आणि मी, चहाचे कुल्हड हातात. तिथे भोंगे नव्हते, कार्यकर्ते लांब उभे होते, आणि हे तिघे एकाच गावात वाढलेले. सुदामा म्हणाला, "लहानपणी मी यांच्या झाडावरचा फणस चोरला होता. काकांनी पकडलं आणि म्हणाले, पिकलेला घे, हा कच्चा आहे." शिवमूरत सिंहांनी मिशांवरून हात फिरवला. ते रडत होते. त्यांना रडताना गावाने कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी गमछा तोंडावर घेतला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

मग त्याच गमछ्यातून ते म्हणाले, "परवा मला बोलावून सांगितलं होतं. शिवमूरत, या वेळी टोला तुझा."

मास्टरांनी कुल्हड खाली ठेवला. "तुम्हाला परवा? मला तर त्याच्याही आधी."

सुदामा हसायला लागला, आणि आपण कुठे बसलोय हे आठवून त्याने हसू गिळलं. "मला काल," तो म्हणाला. "माझा हात हातात घेऊन."

समोर चिता पेटली होती. जाणाऱ्याने तिघांनाही शब्द दिला होता आणि आता विचारायला जागा नव्हती. पण खरा घोळ पुढे होता, आणि तो आधी सुदामाच्या डोक्यात आला.

"पंडितजी," तो म्हणाला, "टोला सगळा एका कुळाचा. म्हणजे सगळ्यांना दहा दिवस सुतक. मतदान त्याच्या आत. सुतकात मत चालतं का?"

तिघांनी एकदमच माझ्याकडे पाहिलं. काशीचा ब्राह्मण, घाटावरच्या भिक्षुकाचा मुलगा, शिवाय तिघांचा. मी म्हणालो, बघून सांगतो.

तीच चूक झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी शिवमूरत सिंह गाडी घेऊन आमच्या गल्लीच्या तोंडाशी आले आणि पायऱ्या चढून धापा टाकत घरात शिरले. त्यांची खात्री होती की टोला त्यांचाच. म्हणून त्यांचं म्हणणं, मत म्हणजे काही पूजा नाही, सुतकाचा प्रश्नच कुठे येतो; तुम्ही तसं एकदा टोल्यात सांगून या. दुपारी हरिहर मास्टर आले. त्यांच्या मते काका मनाने प्रधानजींकडे होते. मास्टरांनी अंगठा आणि तर्जनी जुळवून सांगितलं की धर्म हा धर्म असतो, आणि शोकातल्या माणसाला रांगेत उभं करणं शोभत नाही.

त्यानंतर गावात बातमी पसरली की मणिकर्णिकेवरून परतताना मुन्नर मास्टरांच्या शेजारी बसला होता. संध्याकाळ व्हायच्या आत मास्टरांचा फोन: "ओगलेजी, मी फेरविचार केला. मतदान हे नागरिकाचं कर्तव्य आहे. शास्त्राने कर्तव्याला कुठे आडकाठी केली आहे?" आणि पाठोपाठ प्रधानजींचा: "उगलेजी, बापजाद्यांपासून चालत आलेल्या रीती आपण मोडायच्या नाहीत."

सुदामा सगळ्यात प्रामाणिक. तो म्हणाला, "पंडितजी, दोन्ही निर्णय तयार ठेवा. टोल्याचा कल कळला की मी सांगतो, त्यातला कुठला."

आमची ही, वृंदा, हे सगळं स्वयंपाकघरातून ऐकत होती. भाजी निवडता निवडता म्हणाली, "अहो, आजवर दुसऱ्यांनी लिहून दिलेलं बोललात. पहिल्यांदा कुणी तुमचं मत विचारतंय, तर तुम्ही दडून काय बसता?"

निखिल, आमचा मुलगा, मोबाईलमधून डोकं न काढता म्हणाला, "पापा, बोल दीजिए ना कुछ भी. क्या फर्क पड़ता है?"

फरक पडत होता. मी वडिलांची पोथी चाळली, शेजारच्या शास्त्रीबुवांना विचारलं. सुतकात काय करू नये हे सगळं मिळालं: देवपूजा नाही, शुभकार्य नाही, दान देणं नाही. मतदानाला दान म्हणतात म्हणून मी एकदा दचकलो, शास्त्रीबुवा म्हणाले, "ते नुसतं नावाचं दान, ओगले. तरी मी काही सांगत नाही. गावचा मामला आहे." म्हणजे तेही उमेदवारांना ओळखत होते. आणि मला दिसत होतं की मी 'चालत नाही' म्हटलं तर एका आख्ख्या टोल्याची मतं माझ्या जिभेने पुसली जाणार. 'चालतं' म्हटलं आणि उद्या टोल्यात कुणाचं काही बरंवाईट झालं, तर ते सुतक मोडल्याच्या माथी आणि तेही माझ्याच जिभेवर. भोंग्यातून बोलताना अशी भीती कधी वाटली नव्हती. ती वाक्यं माझी नव्हती.

शेवटी मी गावात गेलो, पण पुलियावर थांबलो नाही. सरळ फणसाखालून आत, काकांच्या घरी. काकांची बायको, जिला सगळे बड़की, म्हणजे थोरली, काकी म्हणतात, आतल्या अंगणात भिंतीला टेकून बसली होती. लहानखुरी बाई, केस विस्कटलेले, आवाज बसलेला. बाजूला मुन्नर पांढऱ्या धोतरात, दाग देणाऱ्याने बाळगायचा लोखंडाचा तुकडा हातात घेऊन, कुणाचा स्पर्श होऊ नये म्हणून सगळ्यांपासून हातभर लांब. मी सगळं सांगितलं. कोण काय म्हणतं, कोण कधी फिरलं. लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "पंडितजी, तुमच्याकडे सुतकात काय काय बंद?"

मी यादी सांगितली. देवपूजा, गोडधोड, तेल लावणं, लग्नकार्य.

"म्हैस पिळणं?"

"ते कसं बंद राहील, काकी?"

"का बरं?"

"म्हशीला त्रास होईल. दूध आटेल."

"तेच," काकी म्हणाली. "हे गेले त्या दिवशीही मी संध्याकाळी म्हैस पिळली. रडत रडत पिळली. वोट काही पूजा नाही, बाबू. म्हशीचंच काम आहे ते. वेळेवर काढलं नाही की आटतं."

मुन्नर म्हणाला, "अम्मा, लोक बोलतील."

"बोलू देत. मी सगळ्यांच्या पुढे जाईन. पाप लागायचं असेल तर पहिलं मला लागेल, मागच्यांना काय उरणार?"

नवरा जाऊन आठवडा न झालेली बाई उंबरठा ओलांडून जाणार म्हणजे काय, हे तिकडच्या माणसाला सांगायला नको. मी उठलो. येताना पुलियावर तिघे माझी वाट बघत होते; मी गावात आल्याची बातमी माझ्याआधी पोहोचली होती. मी त्यांना एकत्र उभं करून सांगितलं, "सुतकात मत चालतं."

"कुठल्या शास्त्रात आहे?" प्रधानजींनी विचारलं.

"माझं मत आहे," मी म्हणालो. माझं म्हणजे काकीचं. पण एवढ्या वर्षांत त्या गावात मी कागदात न बघता म्हटलेलं हे पहिलंच वाक्य. तिघांपैकी कुणाला आनंद झाला नाही, कारण आनंद मानायचा की नाही हेच त्यांना अजून ठरवता आलं नव्हतं.

मतदानाच्या दिवशी बाहेरच्या माणसाला गावात थांबता येत नाही, म्हणून पुढचं मला मुन्नरने सांगितलं. शाळेत मतदान होतं. उन्हं चढायच्या आधी दक्खिन टोला रांगेने निघाला, पुढे बड़की काकी, पदर नाकापर्यंत ओढलेला. गाव दुतर्फा उभं होतं. कुणीतरी म्हातारा पुटपुटला, पण पुढे आला नाही. तिन्ही उमेदवार हद्दीबाहेर उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा वाचत होते, आणि टोल्याने चेहऱ्यावर काहीच ठेवलं नव्हतं. आत शाई लावणारा कर्मचारी मुन्नरचा अवतार बघून थबकला. याला हात लावायचा की नाही? मुन्नरने बोट टेबलाच्या कडेवर ठेवलं आणि म्हणाला, "साहेब, तुम्ही नुसता ब्रश लावा. शिवायचं नाही मला." साहेबाने लांबूनच ब्रश फिरवला, तो नखापेक्षा टेबलालाच जास्त लागला.

निकाल लागला. हरिहर मास्टर थोडक्या मतांनी निवडून आले. पेटी सगळ्या गावाची एकच, त्यामुळे कुठल्या टोल्याचं किती, हे कुणालाच कळत नाही. मास्टरांना वाटलं, दक्खिन टोल्याने तारलं. शिवमूरत सिंहांना वाटलं, टोला सोबत राहिला पण आपल्याच भाऊबंदांनी घात केला. सुदामालाही तसंच काहीसं वाटलं.

तेराव्याच्या जेवणाला काकीने मला बोलावलं. तेरा ब्राह्मण जेवू घालायचे असतात, त्यात माझी भरती. श्राद्धं चालवत असूनही असल्या जेवणाला आमचे वडील कधी गेले नसते, तेराव्याचं अन्न ते वर्ज्य मानत. मी गेलो. सुदामाने न सांगता मांडव घातला होता. शिवमूरत सिंह स्वतः पुऱ्यांची परात घेऊन पंगतीत फिरत होते आणि नवे प्रधान हरिहर मास्टर मागून भाजी वाढत होते. दोघांची इतकी चढाओढ की माझ्या पत्रावळीवर जागा उरली नाही.

हात धुतल्यावर काकीने मला आत बोलावून दक्षिणेचा रुपया हातात ठेवला. मला राहवलं नाही. विचारलं, "काकी, आता खरं सांगा. टोल्याने कुणाला दिलं?"

तिने दाराकडे एकदा बघून घेतलं. मग म्हणाली, "टोल्याचं कशाला, या घराचं सांगते. मुन्नरने सुदामाला दिलं, त्याचा दोस्त आहे. सुनेने मास्टरांना, त्यांनी तिच्या मुलीला घरी बसून हिशोब शिकवला. मी प्रधानजींना. का विचारू नका. मणिकर्णिकेवर तोंड झाकून रडले म्हणे."

"आणि बाकी घरं?"

"ज्याला जिकडे वाटलं तिकडे. नेहमीच तसं असतं."

"पण काका तर म्हणायचे…"

"ते म्हणायचे," काकी म्हणाली. "आम्ही विखुरलेले आहोत असं कळलं तर या टोल्यात कोण पाय ठेवील? तिघं येत राहिले म्हणून हँडपंप आला, विटांची गल्ली आली. ते स्वतः तर चित्र बघून द्यायचे. मागच्या वेळी घंटी आवडली म्हणून घंटीला."

मी हातातला रुपया खिशात ठेवला. मग धंद्याचा प्रश्न विचारला, कारण तो विचारल्याशिवाय मला झोप लागली नसती. "काकी, माझं ऐकून कुणी मत दिलं असेल का हो?"

तिने प्रामाणिकपणे विचार केला. "तुमची गाडी आली की आम्ही म्हैस मागच्या बाजूला नेऊन बांधायचो," ती म्हणाली. "आवाजाने पान्हा चोरते."

तेवढ्यात मास्टर निरोप घ्यायला आत आले. काकी पदर सावरून उभी राहिली आणि हात जोडून म्हणाली, "मास्टरसाहेब, टोल्याने आपला शब्द पाळला." मास्टरांचे डोळे भरून आले. ते गेल्यावर शिवमूरत सिंह दारात आले. काकी म्हणाली, "प्रधानजी, आम्ही होतो तिथेच आहोत. गाव फिरलं, आम्ही काय करणार?" ते वाकून तिच्या पायांना हात लावून गेले. माझ्याकडे काकीने पाहिलंही नाही. बिपत काकांची बाज रीतीप्रमाणे अंगणात उलटी करून ठेवली होती. तिने ती सरळ केली आणि तिच्यावर बसली.

परतीला सुदामाने मला आपल्या जीपमध्ये घेतलं. वरुणेच्या पुलापाशी त्याने गाडी हळू केली. मग एकदम म्हणाला, "पंडितजी, हरलो त्याचं काही नाही. पण एक गोष्ट मी विसरणार नाही. सगळं गाव फिरलं, दक्खिन टोला माझ्याबरोबर राहिला. काकीने आत्ता स्वतः सांगितलं. पुढच्या वेळेची वाट बघणार नाही मी. त्यांच्या फणसाखाली सोलरचा दिवा मी माझ्या पैशाने लावतो."

मी नदीकडे बघत राहिलो.

"तुम्ही काहीतरी बोला ना," तो म्हणाला. "तुम्हाला काय वाटतं?"

"घसा बसलाय रे," मी म्हणालो.